कर्णाकाकू पॉवरहाऊस बघायला जातात

लग्न होऊन आल्या तेव्हा काकूंचा आवाज इतका बारीक होता की किराणा दुकानदार गल्ल्यावरून पुढे वाकून विचारायचा, "काय म्हणालात, वहिनी?" आणि त्या पुन्हा तितक्याच बारीक आवाजात सांगायच्या. आज हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पॉवरहाऊसच्या वसाहतीत त्यांना सगळे कर्णाकाकू म्हणतात. सभेच्या वेळी खांबाला बांधतात, तो कर्णा. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण काकूंना ठाऊक आहे आणि त्याचा त्यांना राग नाही. रागावण्यासारखं दुसरं भरपूर होतं.

वसाहत दरीच्या काठावर आणि पॉवरहाऊस दरीच्या तळाशी, नदीला लागून. डोंगरावरून मोठाले पाइप खाली उतरत, त्यांतून पाणी कोसळे आणि खाली चार मशीन फिरत. काकूंच्या खोलीतून नदी दिसत नसे की पाइप दिसत नसत. नुसती जमीन घुमत असे. भांड्यात पाणी भरून ठेवलं की त्यात बारीक बारीक वर्तुळं उठत. पहिल्याच दिवशी त्यांना वाटलं, भूकंप होतोय. नवरा हसला.

"ती आमची दोन नंबर," तो म्हणाला. "जरा तोऱ्यात आहे आज."

तो दोन नंबरच्या मशीनवर होता. पाळीची माणसं फाटकापाशी जमत, दोराला बांधलेल्या ट्रॉलीत बसत आणि कड्यावरून खाली दिसेनाशी होत. बायकांनी फाटकाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. जेवणाचा डबासुद्धा फाटकावर ठेवायचा. ट्रॉलीवाला तो खाली न्यायचा. म्हणजे नवरा दिवसभर कुठे असतो, कशापुढे उभा असतो, हे काकूंनी उभ्या संसारात एकदाही पाहिलं नाही. संध्याकाळी जे उरलं असेल ते घरी यायचं.

आणि दर वर्षी जरा कमीच उरायचं. आधी तो नुसता कानात शिटी वाजते म्हणायचा. मग दाराची कडी वाजलेली त्याला कळेना. मग पाळण्यातली मुलगी रडली तरी कळेना. मग काकू काय बोलतात ते कळेना.

मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा काकूंना पुन्हा दिवस राहिले. संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवून त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, मला दिवस गेलेत."

"कुठे गेले?"

"दिवस. दिवस गेलेत मला."

"सुट्टीचे? कोणी कापले?"

काकूंनी मग जीव काढून सांगितलं. भिंतीपलीकडून वायरमनच्या बायकोचा, म्हणजे वायरमनवहिनींचा आवाज आला, "अभिनंदन हो, काकू." नवऱ्याला उमजायच्या आत ओळीतल्या सगळ्या घरांना उमजलं होतं. ते मूल राहिलं नाही. तेही काकूंना ओरडूनच सांगावं लागलं. घरातली सगळ्यांत हळू बोलायची गोष्ट त्यांनी भाजी करपल्याची बातमी द्यावी तशा आवाजात सांगितली, आणि पलीकडे वायरमनवहिनी रडताहेत हे त्यांना ऐकू आलं. नवऱ्याला आलं नाही. हे काकूंनी कधी कोणाला माफ केलं नाही.

वसाहतीत नवखा पाहुणा आला की विचारायचा, "इथे रोज भांडणं होतात का?" भांडणं नव्हती. क्रेनवाला, तेल घालणारा, फिटर, ज्याचे त्याचे कान गेलेले. आणि सगळ्यांच्या बायका मीठ-साखरसुद्धा ओरडून मागायच्या. काकूंचा आवाज त्या सगळ्यांच्या वर चढायचा, म्हणून कर्णा.

खरं भांडण मात्र त्यांच्या घरात कधी पुरं झालंच नाही. नवरा ओठांवरून बोलणं ओळखायला शिकला होता. प्रकरण अंगाशी आलं की तो सरळ डोळे मिटून घ्यायचा. झालं. तिकडे दुकान बंद, आणि काकू भिंतीशी बोलल्यासारख्या उभ्या. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

कंपनीच्या डॉक्टरने कानात बॅटरी मारून पाहिली आणि "वयोमानाने होतं," म्हणून सांगितलं. नवऱ्याच्या डोक्यात तेव्हा एक पांढरा केस नव्हता. तेव्हा काकू उठल्या आणि मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर गेल्या. कोणाला न विचारता गेल्या. व्हरांड्यात साहेब वर्तमानपत्र वाचत होते. काकूंनी सांगितलं की ओळीतल्या सगळ्या माणसांचे कान चाललेत, कानांना लावायला काहीतरी द्या. दुसऱ्या कारखान्यांत देतात असं ऐकलंय.

साहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"आधी आवाज खाली करा, बाई," ते म्हणाले. "इथे माणसं राहतात."

काकूंनी आवाज खाली करायचा प्रयत्न केला. होईना. इतक्या वर्षांत तो परत कसा आणायचा हेच त्या विसरल्या होत्या. साहेबांनी तळहात वर करून त्यांना थांबवलं. "कापूस घाला म्हणावं कानात. आणि हे सवयीचं काम आहे. ज्याला सवय होत नाही त्याने दुसरीकडे बघावं." वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. काकू घरी आल्या, हातपाय धुतले आणि कामाला लागल्या.

वर्षं गेली. नवरा निवृत्त झाला. आता तो साऱ्या वसाहतीचा काका होता. मुलीचं लग्न होऊन ती गावातच राहायला गेली. नदीच्या खालच्या अंगाला नवं वीजकेंद्र झालं आणि जुनं पॉवरहाऊस ऐतिहासिक ठरलं. कंपनीने भिंतींना रंग दिला, फाटकावर पाटी लावली, चारांतलं एक मशीन फिरतं ठेवलं आणि बाकीची घासूनपुसून बघायला ठेवली. तिकीट काढून कोणालाही खाली जाता येऊ लागलं. ज्या फाटकावर काकूंनी आयुष्यभर डबा ठेवला, त्यातून आता शाळेच्या सहली जात होत्या, हातात हात घालून जोडपी जात होती.

"काल एक बाई कुत्रं घेऊन उतरली खाली," वायरमनवहिनींनी बातमी आणली. "आपल्याला डबा घेऊन उतरू दिलं नव्हतं."

मग एके दिवशी कंपनीचा माणूस घरोघर सांगत आला: जुन्या कामगारांना सहकुटुंब पॉवरहाऊस दाखवणार, चहापाणी, फोटो. काकांनी त्याच संध्याकाळी शर्टाला इस्त्री केली. फिरतं ठेवलेलं मशीन दोन नंबरचं आहे हे कळल्यावर तर त्यांना जेवण जाईना.

"मी येणार नाही," काकू म्हणाल्या.

"आई, बाबांसाठी चल," मुलगी म्हणाली. ती रजा काढून आली होती. "त्यांना किती हौस आहे बघ."

"त्यांच्या हौसेनेच तर हे झालं."

पण गेल्या. का गेल्या विचाराल, तर हौस म्हणून नाही. नवऱ्याचे कान ज्याने खाल्ले, त्याचं तोंड एकदा बघून घ्यायचं होतं.

ट्रॉली कड्यावरून खाली झाली आणि काकूंना पहिल्यांदा दरी दिसली. दोन्ही बाजूंनी काळे, ओले कातळ, त्यांच्या फटींतून लोंबणारी झाडं, आणि पार तळाशी हिरवं, वळणं घेत जाणारं पाणी. पाण्याच्या कडेला लाल कौलांचं, उंच खिडक्यांचं पॉवरहाऊस. इतकं देखणं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्याने त्या जास्तच बिथरल्या. रोज हे बघायला मिळत होतं ह्या माणसाला, आणि घरी येऊन कधी चकार शब्द काढला नाही.

खाली फलाटावर गाईड उभा होता. चुणचुणीत, गळ्यात ओळखपत्र, हातात माइक. पाणी किती उंचावरून येतं, लोखंड कोणत्या देशातून बोटीने आलं, ते दोरखंडांनी कड्यावरून कसं उतरवलं, पहिला दिवा कधी लागला, सगळं त्याला पाठ. "माणसाच्या बुद्धीचा हा चमत्कार," तो म्हणाला, "आजही तितक्याच जोमाने धडधडतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकाही वाजवत होते. त्यांना ऐकू काही येत नव्हतं, पण सगळे वाजवताहेत हे दिसत होतं.

मशीनच्या दालनाला जाड दार होतं आणि दाराबाहेर एक लाकडी मांडणी. मांडणीवर पिवळीधमक टोपणं ओळीने टांगलेली. दोन कानांवर दोन गुबगुबीत टोपणं आणि डोक्यावरून पट्टी. गाईड एकेकाच्या हातात एकेक देऊ लागला. काकूंच्या हातात आलं तेव्हा त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. आतून मऊ होतं. हलकं होतं. लहान मुलाला खेळायला द्यावं असं.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

"कानांवर लावा, काकू. आत आवाज फार आहे. नियमच आहे, याच्याशिवाय आत सोडत नाही."

"आणि नाही लावलं तर?"

"इजा होऊ शकते. कानाच्या आतली नस एकदा गेली की परत येत नाही." पाठ केलेला धडा बरोबर आल्यासारखा तो हसला. "आम्हाला तुमची काळजी आहे."

"आपण आत किती वेळ थांबणार?"

"थोडाच वेळ. एक फेरी मारायची आणि बाहेर. पण तेवढ्यालाही उघडे कान नकोत."

तेवढ्यालाही नकोत. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या काही बोलणार, तोच गाईडने पुढचं टोपण उचललं आणि दोन्ही हातांनी, अगदी जपून, काकांच्या डोक्यावर चढवलं. कानांवर नीट बसलंय की नाही ते दाबून पाहिलं. काका मान ताठ करून उभे होते. त्यांना वाटत होतं, आपला मान होतोय.

मुलीने आईचा दंड घट्ट धरला. "आई, आता नको."

काकूंनी आपलं टोपण परत मांडणीला अडकवलं आणि दार उघडताच सगळ्यांच्या आधी आत शिरल्या.

आवाज कानांत शिरलाच नाही. तो आधी छातीत शिरला. दातांत शिरला. डोळ्यांपुढच्या खिडक्या हलल्यासारख्या झाल्या. काकूंना वाटलं आपण पडणार, म्हणून त्यांनी कठडा धरला, तर कठडाही थरथरत होता. आणि हे एक मशीन. तेव्हा चार होती. चार मशीन, आणि त्यांच्या मधोमध हा माणूस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, उघड्या कानांनी, हातात तेलाचं फडकं घेऊन. सवयीचं काम. काकूंनी समोर पाहिलं. काकांनी दोन नंबरच्या पोलादी अंगावर तळहात टेकवला होता आणि मान जरा तिरकी केली होती, बरी आहेस ना, असं विचारल्यासारखी. संसारात त्यांनी काकूंच्या कपाळावर असा हात क्वचितच ठेवला असेल. त्या यंत्राचा काकूंना असा राग आला की सवतीचाही येऊ नये.

एवढ्यात केंद्राच्या मॅनेजरबाई आल्या. काकूंच्या मुलीपेक्षाही लहान, डोक्यावर पांढरं हेल्मेट, हेल्मेटखाली पिवळी टोपणं, बरोबर फोटोवाला. त्यांनी हातांच्या खुणांनी काका-काकूंना मशीनपुढे जोडीने उभं केलं. फोटोवाल्याने काकूंच्या उघड्या कानांकडे बोट दाखवलं. मॅनेजरबाईंनी हसत हसत आपल्या हाताने एक टोपण आणलं आणि काकूंच्या डोक्यावर ठेवायला गेल्या.

काकूंनी त्यांचा हात धरला.

"हा माणूस बहिरा आहे," काकू म्हणाल्या. "त्याच्या कानांवर हे आत्ता काय लावता?"

त्या दालनात आजवर कोणाचं बोलणं कोणाला ऐकू आलं नव्हतं. कामगारही खुणांनीच बोलत. पण काकूंचा आवाज मशीनच्या वरून गेला. टोपणांच्या आत गेला. पार टोकाला उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला.

"हाच नाही," काकू म्हणाल्या. "हा, तो, तो पलीकडचा. ह्या सगळ्यांना ह्याच जागी बहिरं केलंत. आणि सहलीला आलेल्याला टोपणं देता."

मॅनेजरबाईंनी त्यांना हलकेच शेजारच्या काचेच्या खोलीत नेलं. तिथे आवाज जरा कमी होता. पाठोपाठ मुलगी आली, गाईड आला, दोन-चार बघे आले.

"काकू, तुमचं दुःख मला समजतं," मॅनेजरबाई म्हणाल्या. "पण त्या काळी ह्याची कोणाला कल्पना नव्हती."

"मला होती."

"नाही, म्हणजे शास्त्रीय अशी..."

"मी मोठ्या साहेबांच्या व्हरांड्यात जाऊन सांगून आले होते. कल्पना नव्हती कोणाला? वसाहतीतल्या लहान पोरांना होती. ती बापाशी खुणांनी बोलायची."

"मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते हो."

"तुला कोण बोलतंय, बाळ? तू ज्या खुर्चीत बसतेस ती खुर्ची तेव्हाही होती."

मॅनेजरबाईंनी हेल्मेट काढून काखेत घेतलं. मग त्यांनी विचारलं, आणि खोचकपणे नाही, सरळच विचारलं, "मग आम्ही आता काय करावं असं तुमचं म्हणणं आहे?"

ह्यावर काकूच अडखळल्या. हा राग त्यांनी इतकी वर्षं सांभाळला होता, पण तुला काय हवंय असं त्याला कोणी विचारलं नव्हतं. मग त्यांची नजर गाईडच्या माइककडे गेली.

"हा बाहेर जे सांगतो ना," त्या म्हणाल्या, "पाणी किती उंचावरून पडतं, लोखंड कुठून आलं. त्यात हे सांगायचं. इथे काम केलेल्या माणसांचे कान गेले, हे. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं."

"त्यासाठी वर विचारावं लागेल."

"विचारा. मी बसते."

आणि त्या फलाटावर येऊन बाकावर बसल्या. आता खालचा एक कडक नियम असा होता की जितकी माणसं एका खेपेला उतरली, तितकी सगळी चढल्याशिवाय ट्रॉली वर न्यायची नाही. दरीत कोणी मागे राहून हरवू नये म्हणून. ट्रॉलीवाल्याने माणसं मोजली, एक कमी भरलं, आणि त्याने हात वर केले. चहा वर होता. पुढची तुकडी वर ताटकळत होती. तिकीट काढून आलेल्या एका गृहस्थांना बस गाठायची होती, ते म्हणाले, "अहो बाई, झालं गेलं. आता काय त्याचं?"

"तुम्ही ते टोपण काढा आणि आत जाऊन उभे राहा," काकू म्हणाल्या. "बस जाईपर्यंत."

गृहस्थ ट्रॉलीत जाऊन बसले. क्रेनवाल्याची विधवा बायको ट्रॉलीत जागा धरून बसली होती. ती उतरली आणि काकूंशेजारी येऊन बसली. मग वायरमनवहिनी उतरल्या. मग तेल घालणाऱ्याची सून. बाकावर जागा उरली नाही, तेव्हा बाकीच्या बायका फरशीवर बसल्या.

मॅनेजरबाई फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होत्या. वरून काय उत्तर आलं, की आलंच नाही, कोण जाणे. शेवटी त्यांनी गाईडला खूण केली. त्याने माइक तोंडाशी धरला.

"इथे काम करणाऱ्या काही कामगारांना ऐकण्याचा त्रास..."

"काही नाही," काकू म्हणाल्या. "आणि त्रास नाही."

गाईडने मॅनेजरबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"इथे काम करणाऱ्या माणसांचे कान गेले," तो म्हणाला. "त्यांना कानांसाठी काही दिलं गेलं नाही."

"मागूनही."

"मागूनही दिलं गेलं नाही."

काकू उठल्या आणि ट्रॉलीत जाऊन बसल्या.

वर जाताना काका लालबुंद झालेले होते. अर्ध्या वाटेत ते बोलले, आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही, त्यामुळे साऱ्या ट्रॉलीने ऐकलं. "इतक्या लोकांपुढे मला बहिरा म्हणालीस. माझ्या पॉवरहाऊसमध्ये."

"तुमचं पॉवरहाऊस?"

"तिथे माझ्याशी अदबीने बोलायचे सगळे. आज माझा तमाशा केलास."

काकू उत्तर द्यायला वळल्या, तर ह्यांचे डोळे मिटलेले. वरच्या फलाटापर्यंत मिटलेले. काकूंना वाटलं, हातात काही असतं तर ते दरीत भिरकावलं असतं. पण एक गोष्ट त्यांना टोचली. घरात तो शब्द कधी उच्चारला जात नसे. "ह्यांना जरा कमी ऐकू येतं," असंच सगळे म्हणत. आज पहिल्यांदा त्या तो शब्द उच्चारून बसल्या होत्या, आणि तोही मशीनच्या वरून.

काही दिवस अबोला होता. मुलगी अधूनमधून येऊन दोन्ही बाजूंचं ऐकून जायची. एका दुपारी काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"त्या पोराने माइकवर काय सांगितलं?" त्यांनी विचारलं. "मला त्याचे ओठ दिसले नाहीत. माइक मधे होता."

काकूंनी कणीक मळता मळता, तोंड त्यांच्याकडे करून, शब्दन् शब्द सांगितला.

"मागूनही?" काका म्हणाले. "कोणी मागितलं होतं? आमच्यातलं कोणी गेलं नव्हतं."

"मी गेले होते. बंगल्यावर."

काका उंबरठा ओलांडून आत आले. "साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, आवाज खाली करा. इथे माणसं राहतात."

काकांनी ते दोनदा वदवून घेतलं. ओठ बरोबर वाचले की नाही याची खात्री होईना. मग विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. त्याच दिवशी." काकूंनी कणकेचा गोळा परातीत आपटला. "हळू सांगितलं होतं, तुमच्याकडे पाठ करून. बंगल्यावर खाली न झालेला आवाज घरी आपोआप खाली झाला. ओरडून सांगायला लाज वाटली."

काका खाली बसले. दोन नंबरच्या तापमापकातही कधी चढला नसेल असा त्यांचा पारा चढत गेला. आधी मान, मग कान, मग कपाळ. त्या साहेबांना त्यांनी सकाळ-संध्याकाळ सलाम ठोकला होता. निरोप समारंभात त्यांच्या हातून घेतलेलं घड्याळ अजून मनगटावर होतं. ते त्यांनी काढलं आणि खिडकीतून बाहेर टाकलं. "माणसं राहतात म्हणाला," ते म्हणाले. "आणि आम्ही कोण?" डोळे मात्र त्या दिवशी त्यांनी मिटले नाहीत. काकूंना जे जे बोलायचं होतं ते सगळं त्यांनी बघून घेतलं, आणि काकूंना बोलायचं पुष्कळ होतं.

पुढच्या महिन्यात काकू तिकीट काढून एकट्याच दरीत उतरल्या. गाईडने घोळक्यात त्यांना पाहिलं आणि लोखंडानंतर लगेच, न चुकता, ते सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. पण सांगायच्या आधी त्याची नजर सगळ्यांच्या तोंडावरून कशी फिरली, हेही त्यांनी बघितलं होतं. म्हणून चार दिवसांनी त्यांनी वायरमनवहिनींना पाठवलं. वहिनी चष्मा लावून, डोक्याला रुमाल बांधून, शहरातून आलेल्या पाहुणीसारख्या गेल्या.

"लोखंड सांगितलं," वहिनींनी परत येऊन सांगितलं. "पहिला दिवा सांगितला. कानांचं नाव नाही."

दुसऱ्या दिवशी काकू फाटक उघडायच्या आधी तिथे हजर. गाईडची त्यांनी काढायची तेवढी खरडपट्टी काढली. तो म्हणाला, "काकू, लोक सुट्टी घालवायला येतात हो. त्यांचा मूड जातो."

"जाऊ दे. परत येतो तो. नस येत नाही."

तेव्हापासून पाळ्या लागल्या. आज क्रेनवाल्याची बायको, परवा फिटरची बहीण, पुढच्या आठवड्यात काकूंच्या मुलीची मैत्रीण. कोण कधी येईल याचा नेम नाही. गाईडला कळेना, घोळक्यातली कुठली बाई नुसती हौशी आणि कुठली वसाहतीची. त्याने मग नाद सोडला आणि सरसकट सगळ्यांना सांगायला लागला. एकदा काकाही गेले. पुढे, अगदी गाईडच्या नाकासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माइक जरा बाजूला धर. मला बघू दे काय म्हणतोस ते."

पुढे तो गाईड नोकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी एक नवी मुलगी आली. तिला दिलेल्या माहितीत कानांचं वाक्य लिहूनच आलं होतं. वर्षभराने का होईना, कंपनीने ते मान्य केलं म्हणायचं. वसाहतीतल्या बायकांना वाटलं, जिंकलो. काकू खात्री करायला गेल्या, काकांना बरोबर घेऊन गेल्या.

मुलगी बोलायला गोड होती. पाणी इतक्या उंचावरून पडतं, लोखंड बोटीने आलं, इथे काम करणाऱ्या माणसांचे कान गेले, मागूनही त्यांना काही दिलं गेलं नाही, पहिला दिवा अमुक साली लागला, आता सगळ्यांनी आपापली टोपणं घ्या. एका दमात. लोक माना डोलवत होते आणि पाइपांचे फोटो काढत होते.

काकूंचं डोकं पुन्हा भडकलं. त्या पुढे झाल्या.

"तू चांगलं सांगतेस," त्या म्हणाल्या. "पण ते कानांचं सांगितल्यावर जरा थांबत जा."

"किती वेळ थांबू?"

"मी हात वर करेपर्यंत थांब. बघू आज."

मुलगी बिचारी शहाणी. तिने लोकांना पुन्हा गोळा केलं, ते वाक्य पुन्हा म्हटलं आणि थांबली. फलाटावर शांतता झाली. खाली नदी वाहत होती, दाराआडून दोन नंबरची घरघर येत होती. काही जण इकडेतिकडे बघायला लागले. काकूंनी काकांकडे पाहिलं; ते मुलीच्या ओठांवर नजर लावून उभे होते. एका पोराने फोन खाली केला. एक म्हातारा काकांकडे निरखून बघायला लागला. तेवढ्यात मागून एका माणसाने विचारलं, "इथे बाथरूम कुठे आहे?"

काकूंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मग हाताने डावीकडचं दार दाखवलं, तो जाऊन येईपर्यंत सगळ्यांना तसंच उभं ठेवलं, आणि तो परत येऊन घोळक्यात उभा राहिल्यावर मुलीला म्हणाल्या, "आता पुन्हा म्हण."